पहिला पावसाळा भाड्याच्या घरात

पुण्या-मुंबईत पंधरा-वीस वर्षं काढलेली माणसं दिवाळीला कोल्हापुरात आली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरोघरी एकच विषय निघतो : इकडंच येऊन राहिलं तर? सकाळी मिसळ झालेली असते, संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी झालेली असते आणि मधल्या वेळात एखाद्या चुलतभावानं फ्लॅटची किंमत कानावर घातलेली असते. पुण्यातल्या किमतीशी ती मनातल्या मनात ताडून बघितली जाते आणि तिथून पुढचा हिशेब आपोआप जमत जातो. अडचण इतकीच, की तो वर्षातल्या सगळ्यात चांगल्या पंधरवड्यात केलेला असतो. पाऊस संपलेला, ऊन यायचं बाकी, नदी पात्रात आणि तुम्ही सुट्टीवर.

हा विषय आता नुसत्या गप्पांचा राहिलेला नाही. घरून काम करायची सोय झाल्यापासून लॅपटॉप घेऊन परतलेली तरुण मंडळी प्रत्येक गल्लीत एक-दोन तरी दिसतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथं चालू लागली, त्यामुळं वकील मंडळी बिऱ्हाडं शोधत फिरू लागली. निवृत्तीनंतर मूळ गावी येणारे तर पूर्वीपासून आहेतच. या सगळ्यांसाठी हा लेख आहे. मी इथलाच, त्यामुळं ‘या’ म्हणणारच. पण येण्याआधी एक रविवार काढून वही-पेन घेऊन बसा.

‘कोल्हापूर स्वस्त आहे ना?’ असं सगळे विचारतात. घरभाडं स्वस्त आहे, यात शंका नाही. घरकामाला येणाऱ्या मावशींचा पगार, रिक्षाचं महिन्याचं भाडं, मुलांच्या शिकवण्या हेही पुण्याच्या मानानं कमी. भाजी ताजी मिळते, कारण ती आसपासच्या गावांतूनच येते. कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात पिशवी भरायला लागणारी रक्कम बघून नवीन आलेला माणूस हमखास खूश होतो. दुधाचं तर विचारूच नका. गंगावेशीत रात्री म्हैस समोर उभी असते, धार काढली की फेसाळलेला पेला तिथंच हातात येतो. पिशवीच्या दुधावर वाढलेली मुलं तो पेला पहिल्यांदा नाक मुरडून घेतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच चला म्हणतात.

पण महिन्याच्या खर्चातला मोठा भाग गाव बदलल्यानं हलत नाही. गृहकर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, गाडीचं कर्ज, मोबाइल, इंटरनेट, गॅस, पेट्रोल, औषधं, ऑनलाइन मागवलेल्या वस्तू या सगळ्याला शिवाजी पेठ काय आणि शिवाजीनगर काय, दर सारखाच. याउलट काही खर्च नव्यानं सुरू होतात. पुण्याला राहिलेल्या आईवडिलांना भेटायला जाणं, कंपनीनं महिन्यातून एकदा बोलावलं की प्रवास आणि मुक्काम, लग्नकार्य. शिवाय इथं आल्यावर नातेवाईक जवळ येतात, म्हणजे बारशापासून तेराव्यापर्यंत आहेर-पाकिटं आली. आणि मटण. हा खर्च कोल्हापुरात वरकड धरायचा नसतो. २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून या शहरात आंदोलन झालं आणि विक्री बंद ठेवायची वेळ आली होती, यावरून काय ते समजून घ्या.

आता वहीत उदाहरण मांडू. आकडे समजा म्हणून घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला. पुण्यात भाड्यानं राहणारं चौघांचं कुटुंब. नवऱ्याला महिना ८० हजार, बायकोला ५० हजार, मिळून १ लाख ३० हजार. भाडं आणि देखभाल २८ हजार, प्रवास ९, घरकाम आणि बाहेरचं खाणं १२, शाळा १४, किराणा-भाजी-दूध १८, हप्ते आणि गुंतवणूक २२, किरकोळ १०. एकूण १ लाख १३ हजार. हातात उरतात १७ हजार.

हेच कुटुंब कोल्हापुरात आलं. भाडं निम्म्यावर, १४ हजार. प्रवास ४, घरकाम आणि बाहेरचं ८, शाळा ९, किराणा १६. हप्ते तेच २२, किरकोळ तेच १०. पुणे-मुंबईच्या फेऱ्यांचे ६ हजार नवे. एकूण ८९ हजार. म्हणजे महिन्याला २४ हजारांची बचत, वर्षाला जवळजवळ तीन लाख. इथपर्यंतचा हिशेब दिवाळीत सगळे करतात.

पुढची ओळ कुणी लिहीत नाही. नवऱ्याची नोकरी घरून चालणारी आहे, त्यामुळं ८० हजार कायम. बायकोची नोकरी मात्र पुण्यातल्या कार्यालयातली. ती सुटली तर मिळकत ८० आणि खर्च ८९. बचत राहिली बाजूला, दरमहा ९ हजारांचा खड्डा. तिला इथं २६ हजारांची नोकरी मिळाली तर घर पुन्हा पुण्याइतकंच, म्हणजे १७ हजार शिलकीवर येतं. खर्च एवढा उतरूनसुद्धा फायदा शून्य, आणि पन्नास हजार मिळवणारी बाई सव्वीस हजारांवर आली हे वर.

म्हणून माझ्या मते स्थलांतराचा निर्णय भाड्यावर ठरतच नाही. घरातल्या दुसऱ्या पगाराचं काय होणार, त्यावर तो ठरतो. आणि हा दुसरा पगार बहुतेक घरांत बाईचा असतो. ‘बघू, तिकडं गेल्यावर काहीतरी मिळेल’ हे वाक्य ज्या घरात बोललं गेलं, तिथं आधी ती नोकरी शोधा, मग ट्रक ठरवा. शाळा, महाविद्यालयं, बँका, सीए मंडळींची कार्यालयं, रुग्णालयं इथं भरपूर आहेत. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे, त्यामुळं शिक्षणक्षेत्रात माणसांची मागणी असते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्री आणि अभियांत्रिकीचं काम जोरात चालतं. तिथं अनुभवी इंजिनिअरला, खरेदी-विक्री सांभाळणाऱ्याला, निर्यातीची कागदपत्रं जाणणाऱ्याला किंमत आहे. संगणक क्षेत्रातल्या कंपन्या मात्र मोजक्याच आहेत. एक नोकरी सुटली तर त्याच शहरात दुसरी पंधरा दिवसांत मिळेल, ही पुणे-बंगळूरची चैन इथं नाही. घरून काम करणाऱ्यांनी कंपनीकडून ते लेखी घ्यावं आणि हातात सहा महिन्यांचा खर्च ठेवूनच निघावं. सगळ्यांना कार्यालयात परत बोलावल्याचा ई-मेल कधीही येतो.

कामापायी गाव सुटण्याचं दुखणं जुनंच आहे. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात उभी राहिली. कारागीर इथले, कलाकार इथले. चार वर्षांत, १९३३ मध्ये, कंपनीनं बिऱ्हाड पुण्याला हलवलं. भालजी पेंढारकर मात्र जयप्रभा स्टुडिओ घेऊन इथंच राहिले. वि. स. खांडेकर तर उलट दिशेनं आले. शिरोड्याच्या शाळेतली नोकरी सोडून १९३८ मध्ये ते चित्रपटकथांच्या कामासाठी कोल्हापूरला आले आणि इथलेच झाले. ज्याचं काम इथं उभं राहिलं तो रमला, ज्याचं काम शहराच्या अंगापेक्षा मोठं झालं तो गेला. यात कुणाचं चुकलं असं काही नाही.

बदली घेऊन येणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. केंद्र सरकारच्या वर्गवारीत मुंबई-पुणे एक्स वर्गात आहेत, कोल्हापूर वाय वर्गात. सातव्या वेतन आयोगाच्या हिशेबात महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यानंतर एक्सला घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या ३० टक्के आणि वायला २० टक्के झाला. म्हणजे मूळ वेतन ६० हजार असेल तर महिना ६ हजार कमी. भाड्यात ते भरून निघतात, पण स्वतःच्या घरात राहायला येणाऱ्यांना ही घट थेट जाणवते.

आता पाण्याकडं वळू. कोल्हापुरात पाण्याचे प्रश्न दोन, जुलैचा आणि एप्रिलचा.

जुलै संपत आला की इथं दोन माणसं भेटली की ‘बरं आहे ना’च्या आधी ‘पाणी किती फुटावर?’ असं विचारतात. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. शाळकरी पोरांनाही हे आकडे पाठ असतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, याची बातमी मोबाइलवर येते आणि कोण सामान वर चढवायला लागलं ते गल्लीत कळतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्या. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुण्याकडचा रस्ता काही दिवस बंद राहिला. पेट्रोल राखून ठेवावं लागलं, दूध-भाजीची टंचाई झाली आणि महापालिकेची उपसा केंद्रंच बुडाल्यामुळं चहूकडं पुराचं पाणी आणि नळाला थेंब नाही, अशी अवस्था झाली.

पूर म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला नदीकाठची झोपडपट्टी डोळ्यांसमोर येते. इथं तसं नाही. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, रमणमळा, सुतारवाडा, बापट कॅम्प हे सगळे पुराच्या बातम्यांत येणारे भाग, आणि त्यातल्या काही ठिकाणच्या घरांना शहरात चांगला भाव आहे. जयंती नाल्यातून पाणी मागं सरकतं आणि नदीपासून लांबच्या भागात शिरतं. त्यामुळं ‘नदी इथून लांब आहे’ हे दलालाचं उत्तर पुरेसं धरू नका. जलसंपदा विभागानं पूररेषा आखल्या आहेत. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला बंदी, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात जोत्याच्या उंचीसारख्या अटी. घराचा गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि नकाशावर बोट ठेवून बघून घ्या.

नकाशा बघितला तरी एक काम उरतं. ज्या इमारतीत घर बघताय तिच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, ‘एकोणीसला पाणी कुठंपर्यंत होतं, आणि एकवीसला?’ दोन्ही वर्षं वेगवेगळी विचारा. तो दुकानाच्या फळीवर हात ठेवून दाखवील, नाहीतर समोरच्या जिन्याच्या पायऱ्या मोजील. मग विचारा, घर कोरडं राहिलं तेव्हा रस्ता कोरडा होता का? दुसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही, पण पार्किंग बुडालं, लिफ्ट आणि पाण्याची मोटर बंद पडली, वीज तोडली आणि घरात ऐंशी वर्षांची सासू आहे, तर तो दुसरा मजला काय कामाचा? गाडीच्या विम्यातलं इंजिनसंरक्षणाचं कलमही याच वेळी वाचून ठेवा.

एप्रिलचा प्रश्न शहराच्या कडेला आहे. कोल्हापूरची महापालिका १९७२ मध्ये झाली आणि तेव्हापासून हद्दवाढीवर प्रस्ताव, मोर्चे आणि बंद असा खेळ चालू आहे. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी, सरनोबतवाडी इथली वस्ती मनानं शहरातली, पण कारभार ग्रामपंचायतीचा. घरं इथं स्वस्त पडतात, कर कमी असतो, हवा मोकळी असते. मात्र पाणी, गटार आणि कचरा या तीन गोष्टींत ही बचत निघून जाते. काळम्मावाडी धरणातून शहराला आणलेल्या थेट पाइपलाइनचं पाणी वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षेनंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये पोहोचलं. पण धरणातून पाणी शहरात येणं वेगळं आणि तुमच्या तिसऱ्या मजल्याच्या टाकीत चढणं वेगळं.

म्हणून घर बघायला एप्रिलमध्ये या, आणि सकाळी सहाला या. बंगल्यांच्या दारात निळी पिंपं रांगेत दिसतात का? गच्चीवर एका घराला किती टाक्या आहेत? टँकरचा नंबर कुणाच्या भिंतीवर रंगवलेला आहे? शेजारणीला तीनच प्रश्न विचारा : पाणी किती वाजता येतं, किती वेळ असतं आणि कुठल्या दिवशी येत नाही. कूपनलिका असेल तर मे महिन्यात ती कितपत चालते, हेही त्यात आलं.

प्लॉट घेऊन घर बांधायचं स्वप्न असणाऱ्यांनी जास्तच जपावं. शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं आहे. बांधकाम परवानगी कुणाची आहे, जमीन बिगरशेती आहे का, गुंठेवारीत आहे का, सातबाऱ्यावर किती नावं आहेत आणि त्यातली किती हयात आहेत, हे वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय इसार देऊ नका. गुंठ्याचा दर कमी सांगितला जातो तेव्हा त्याचं कारणही असतं, फक्त ते इसार दिल्यावर सांगितलं जातं.

मुलांच्या शाळेबद्दल थोडक्यात सांगतो. राज्य मंडळाच्या चांगल्या शाळा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांच्या, इथं आहेत. केंद्रीय मंडळाच्याही आहेत, पण बऱ्याच शहराबाहेर, म्हणजे बसचा तास-दीड तास धरावा लागतो. पोर नववी-दहावीत किंवा अकरावी-बारावीत असेल तर मुक्काम हलवू नका. त्याखालच्या वर्गातली मुलं सहा महिन्यांत ‘काय भावा’ म्हणायला लागतात.

दवाखान्याचा विचार मात्र सावकाश करायला हवा, विशेषतः निवृत्तांनी. सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, त्याला जोडलेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि बरीच खासगी रुग्णालयं शहरात आहेत. पन्नासेक किलोमीटरवर मिरज, जिथं १८९४ मध्ये वानलेस रुग्णालय सुरू झालं आणि दवाखान्यांचं गाव म्हणून जिची ख्याती आहे. हृदय, हाडं, मूत्रपिंड यांचे नेहमीचे उपचार इथं होतात. दुर्मीळ आजार, अवयव प्रत्यारोपण, लहान मुलांच्या अवघड शस्त्रक्रिया यांसाठी पुणे-मुंबई गाठावी लागते. तेव्हा दोन गोष्टी करा. घर घ्यायचं ठरलं की तिथून सगळ्यात जवळचं, रात्री उघडं असणारं रुग्णालय किती मिनिटांवर आहे ते रात्री गाडी काढून बघा. आणि आरोग्य विम्याची पॉलिसी काढून शहरांच्या विभागाचं कलम वाचा. काही कंपन्या छोट्या शहराचा पत्ता दिला की हप्ता कमी करतात, पण मग महानगरात उपचार घेतल्यास बिलाचा काही टक्के भाग तुमच्या गळ्यात घालतात. वर्षाला तीन-चार हजार वाचवायच्या नादात ऐन वेळी लाखाचा फटका बसतो. पत्ता बदला, विभाग बदलू नका.

येण्या-जाण्याचं चित्र पूर्वीपेक्षा बरं आहे. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईकरांची जुनी सोबतीण, कोयना दिवसाची. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यासाठी आठवड्यातून तीन दिवसांची वंदे भारत सुरू झाली. उजळाईवाडीच्या विमानतळावरून मुंबई, हैदराबाद, बंगळूरला विमानं जातात, पण वेळापत्रक बदलत असतं, तेव्हा कायमच्या कामाचा भरवसा त्यावर ठेवू नये. पुण्याचं अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. कागदावर चार तास, रुंदीकरणाच्या वळणरस्त्यांनी किती होतील ते त्या दिवसावर. गाडी एमएच-१२ ची असली तरी राज्य तेच असल्यामुळं पुन्हा नोंदणीची गरज नाही. बंगळूरहून येणाऱ्यांना मात्र बारा महिन्यांच्या वर गाडी इथं ठेवली तर महाराष्ट्रात नोंदणी आणि कर आला. ट्रकच्या भाड्याबरोबर तो खर्चही मांडा.

शहराच्या आतला प्रवास ही कोल्हापूरची खरी श्रीमंती. दाभोळकर कॉर्नरला अडकलात तरी अर्ध्या तासात गावाच्या या टोकाहून त्या टोकाला पोहोचता. पुण्यात रोज दोन-अडीच तास रस्त्यावर घालवणाऱ्या माणसाला इथं दिवसाला दोन तास मोकळे मिळतात. पण त्या दोन तासांत करणार काय, हे ठरवून या. रंकाळ्याची फेरी आहे, तालमी आहेत, करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, फुटबॉलचा हंगाम आहे. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठा ओस पडतात. पन्हाळा, दाजीपूर, आंबा घाट अर्ध्या दिवसात होतात. नाटक-गाण्याची सवय असणाऱ्यांची मात्र उपासमार होते. शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळालं, तेव्हा शहर अक्षरशः रडलं, कारण दुसरं तसं नव्हतंच. आठवड्याला एक नवं नाटक, एक मैफल, परदेशी सिनेमा असं ज्यांचं रुटीन आहे, त्यांना वर्षभरात चुटपुट लागते.

शेजाराचंही असंच, दोन्ही बाजूंनी बोलावं लागेल. पेठेत राहिलात तर आजारपणात डबा न मागता येतो, पुरात अनोळखी पोरं येऊन तुमचा फ्रीज माडीवर नेऊन ठेवतात. तीच माणसं ‘काल उशिरा आलासा?’ असंही विचारतात. एकट्या राहणाऱ्या मुलीला भाड्यानं घर देताना मालक अजूनही वडिलांचा फोन नंबर मागतात. गणपतीच्या आगमनापासून विसर्जनापर्यंत आणि शिवजयंतीला मिरवणुकांचा आवाज खिडक्यांच्या काचांना जाणवतो. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या गल्ल्यांत स्वतःच्या घरी गाडी नेता येत नाही. ज्याला हे आवडतं त्याला दुसरीकडं करमत नाही. ज्याला नको असतं त्यानं राजारामपुरीच्या पलीकडं, ताराबाई पार्क किंवा सम्राटनगरच्या बाजूला बघावं आणि तिथलं जास्तीचं भाडं वहीत मांडावं.

पुण्यातला फ्लॅट विकून इथं बंगला घ्यायचा विचार असेल तर घाई कशासाठी? घर विकल्यावर दोन वर्षांच्या आत दुसरं घर विकत घेतलं तरी भांडवली नफ्यावरच्या करात सवलत मिळते, आणि बांधायचं असेल तर मुदत त्याहून जास्त आहे. त्याहून बरं म्हणजे पहिलं वर्ष फ्लॅट भाड्यानं द्या. ते भाडं इथल्या भाड्यापेक्षा जास्त येईल. नाही करमलं तर परतायला घर राहील, आणि परत जाण्यात लाज वाटायचं काही कारण नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. एप्रिलमध्ये घर शोधा, मे महिन्यापासून अकरा महिन्यांचा भाडेकरार करा. करार लेखी आणि नोंदणी केलेलाच असू द्या, कायद्यानं ते घरमालकावर बंधनकारक आहे. जून ते सप्टेंबर अख्खा पावसाळा त्याच घरात काढा, कपडे वाळेनात तरी काढा. त्यात राजाराम बंधाऱ्याचे आकडे कळतील, रस्ते कळतील, दुसऱ्या पगाराचं काय होतंय तेही कळेल. दिवाळीनंतर वही पुन्हा उघडा. करार मार्चअखेर संपतो, तोपर्यंत मुलांच्या पुढच्या वर्षाच्या प्रवेशाचा निर्णय करायला वेळ असतो. इसाराचा धनादेश त्याआधी फाडू नका.